टिटवीची चाळीस पावलं

हिंमतराव घाटोळ काय काम करतो, हे धानोरीतल्या त्याच्या शेजाऱ्यांना अठरा वर्षांत नीट कळलेलं नाही. खालच्या मजल्यावरच्या मथुराबाईंनी एकदा सरळ विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "पाखरं हाकलतो." बाई पोट धरून हसल्या. हा गरीब माणूस कधीतरी थट्टाही करतो म्हणायचा, असं त्यांना वाटलं. पण थट्टा करण्याचा हिंमतरावाचा पिंडच नव्हे. रोज पहाटे विमानतळावर जायचं, धावपट्टीच्या कडेनं जीप फिरवायची आणि जिथं पाखरू उतरलेलं दिसेल तिथं भोंगा वाजवून, बंदुकीतून फटाक्याचा बार काढून त्याला पळवून लावायचं, हेच त्याचं काम. कागदावर त्याला 'बर्ड चेसर' म्हणतात. कागदावर सगळ्यांनाच काहीतरी झकास म्हणतात.

तो मूळचा रिसोड तालुक्यातला. बाप, दशरथबाबा, दुसऱ्याच्या शेतावर सालदार होता आणि हिंमतरावाचं लहानपण ज्वारीच्या राखणीत गेलं. मचाणावर उभं राहायचं, गोफण फिरवायची. पुण्याकडे आला तो चाकणच्या एका कारखान्यात. तो कारखाना बंद पडला, मग विमानतळावरचं गवत कापायला लागला. तिथं एक दिवस धावपट्टीवर बगळ्यांचा थवा उतरला आणि समोरून विमान येत होतं. हाकलणारा माणूस भलत्याच टोकाला. हिंमतरावानं कमरेचा शेला सोडला, त्यात खडा घातला आणि शेला गोफणीसारखा फिरवून खडा असा भिरकावला की तो बगळ्यांच्या पुढ्यात पडला. थवा उठून उलटा वळला. धावपट्टीच्या आवारात खडा फेकला म्हणून साहेबानं त्याला अर्धा तास झाडलं, कारण तिथला एक खडा इंजिनात गेला तर काय होतं हे त्या येड्याला ठाऊक नव्हतं. झाडून झाल्यावर त्याच साहेबानं विचारलं, "पाखरं हाकलायला येतोस का?"

तेव्हापासून तो तिथं आहे. या अठरा वर्षांत पाखरांबद्दल त्याला जे कळलं ते पुस्तकं वाचून कळणारं नव्हतं. गवत कापलं की किडे उघडे पडतात आणि त्यांच्यामागे बगळे, साळुंक्या येतात. गवत वाढू दिलं तर उंदीर माजतात आणि त्यांच्यावर घारी येतात. म्हणजे कापलं तरी पंचाईत, राखलं तरी पंचाईत. आणि पूर्वेच्या भिंतीपलीकडे जो कचऱ्याचा ढीग आहे, ज्यात मटणाच्या दुकानांची आतडी आणि कातडी येऊन पडतात, त्यावर घारी तर बारा महिने. तो ढीग उचला म्हणून विमानतळावरून महापालिकेला पत्रं जात. पत्रांची पोच येई, ढीग मात्र जागचा हलला नाही. उलट त्याला धाकटी भावंडं झाली.

पण घारीचं हिंमतरावाला एवढं वाटत नसे. त्याच्या जिवाला लागायची ती टिटवी.

टिटवी झाडावर बसत नाही, घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, चार खडे इकडेतिकडे सारून, मातकट ठिपक्यांची अंडी घालते, आणि धावपट्टीच्या कडेची खडी तिला फार पसंत. जाणाऱ्या-येणाऱ्यावर ओरडत झेप घ्यायची तिची खोड, म्हणून विमानाच्या वाटेवर ती धोक्याची. तेव्हा रिवाज असा होता की अंडी दिसली की उचलायची, लागतील त्या परवानग्या वरचे बघतील. हिंमतराव ती घमेल्यात घालून भिंतीबाहेरच्या पडीक जमिनीत नेऊन ठेवायचा. तिथं त्यांच्यावर कुणी बसणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असायचं. तरी फोडवत नसत म्हणून ठेवायचा.

त्याच्या गावाकडे टिटवीची अंडी नांगराखाली जाऊ देत नाहीत. नांगरणारा बैल थांबवतो, तेवढा तुकडा सोडून वळसा घेतो. दरसाल वैशाखात दशरथबाबाचा फोन यायचा. म्हातारा चौऱ्याऐंशीचा, नजर गेलेली, पण हा प्रश्न चुकायचा नाही.

"बसली का रे टिटवी तुह्याकडे?"

"बसली, बाबा."

"किती अंडे?"

"चार."

"बरं हाय. आपल्याकडे एकबी नाही राह्यली. तननाशक मारू मारू किडाच नाही राह्यला, ते खाईन काय?"

दरसाल हिंमतराव 'बसली' म्हणायचा आणि पुढचं सांगायचा नाही. खोटं बोलणं त्याला जमत नसे, म्हणून तो अर्धं खरं बोलायचा. त्याची बायको, मुक्ताई, पोळ्या लाटता लाटता ते ऐकायची.

यंदाच्या एप्रिलात चार अंडी सापडली ती अगदी नको तिथं, धावपट्टीच्या कडेपासून पंधरा पावलांवर. हिंमतराव घमेलं घेऊन गेला. टिटवीनं त्याच्या टोपीवर झेप घेतली, ओरडून आकाश डोक्यावर घेतलं, मग थोड्या अंतरावर जाऊन पंख लुळा पडल्याचं नाटक केलं. हे त्यानं पन्नासदा पाहिलं होतं. यंदा मात्र त्याचा हात अंड्यांपर्यंत जाईना. तो घमेलं तसंच रिकामं घेऊन परत आला आणि परचुरे सरांसमोर उभा राहिला.

अनंतराव परचुरे हे नारायण पेठेतले निवृत्त गणिताचे शिक्षक. पक्ष्यांचा नाद आयुष्यभराचा, म्हणून विमानतळाच्या पक्षी-समितीवर त्यांना मानद सभासद करून घेतलं होतं. म्हणजे चहा मिळायचा आणि सल्ला ऐकला जायचा नाही. आठवड्यातून तीनदा ते दुर्बीण गळ्यात घालून स्कूटरवरून येत आणि हिंमतरावाची नोंदवही तपासत. सहा वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला बजावलं होतं, "हिंमतराव, पाहिलं तेच लिहायचं. वाटलं ते लिहायला पुण्यात माणसं पुष्कळ आहेत."

"सर," हिंमतराव म्हणाला, "आमचा बाप घरटं सरकवायचा."

"सरकवायचा म्हणजे? कपाट आहे का ते?"

मग हिंमतरावानं सांगितलं. मळणीच्या खळ्यासाठी जागा सारवायची असली आणि नेमकी तिथंच टिटवी बसलेली असली, तर वळसा घेऊन भागायचं नाही. तेव्हा दशरथबाबा अंड्यांशेजारी वीतभर अंतरावर हातानं तसाच खळगा करायचा, तेच खडे तिथं मांडायचा आणि अंडी उचलून त्यात ठेवायचा. टिटवी आधी ओरडायची, मग येऊन बसायची. दुसऱ्या दिवशी आणखी वीतभर. असं करत करत तो तिला बांधावरच्या बाभळीखाली नेऊन सोडायचा.

परचुरे सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किती दिवसांत?"

"घाई नाही केली तर टिटवी कुठंबी येते."

सर त्याला घेऊन सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेले. या स्पृहा मॅडम, वय जेमतेम बत्तीस, बोलायला भराभरा आणि टेबलावर कागद नीटनेटके. मॅडम वाईट नव्हत्या. उलट, कचऱ्याच्या त्या ढिगाबद्दल बेचाळीस पत्रं लिहिणाऱ्या त्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, आपण कन्सेप्ट म्हणून सांगताय ते छान आहे. पण प्रत्येक विमानात दीडशे-पावणेदोनशे लोक असतात. मला त्यांचा हिशोब द्यायचा असतो."

"म्हणूनच म्हणतो," सर म्हणाले. "अंडी उचललीत तर ती बाई दहा दिवसांत तिथंच पुन्हा घालते. तुम्ही उचलता, ती घालते. हे आपण सहा वर्षं करतोय. ती हटलेली नाही. आता तिला हलवून पाहू."

मॅडमनी नकाशा काढला. घरट्यापासून पूर्वेच्या भिंतीकडे जाताना पावसाच्या पाण्याचा एक कोरडा चर लागतो. त्या चरापलीकडची जागा धावपट्टीभोवती मोकळ्या ठेवायच्या पट्ट्याबाहेरची धरतात. अंतर चाळीस पावलं.

"चर ओलांडेपर्यंत मी थांबते," त्या म्हणाल्या. "जमलं, तर पुढच्या वर्षीपासून प्रत्येक घरट्याला हाच नियम. मी लिहून देते. पण या पक्ष्यांमुळे एक जरी घटना झाली, तरी त्याच दिवशी अंडी उचलायची आणि हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही. चालेल?"

हिंमतरावानं मान हलवली. त्या दिवशी घरी जाताना तो धानोरीच्या चढावर सायकल हातात धरून चालला, आणि लहानपणी आठवड्याच्या बाजाराला जाताना वाटायचं तसं त्याला वाटत होतं.

पहिले चार दिवस वीतभरच. दोन विमानांच्या मध्ये टॉवरची परवानगी घ्यायची, जीप लांब उभी करायची, गुडघ्यांवर बसून खळगा करायचा, खडे मांडायचे, अंडी उचलायची. टिटवी डोक्यावर झेपा घ्यायची. तो मान खाली घालून काम उरकायचा आणि तिच्याशी बोलायचा. "झालं, बाई, झालं. आणिक वीतभर." मग जीपमध्ये बसून वाट पाहायची. पहिल्या दिवशी ती चाळीस मिनिटांनी बसली. चौथ्या दिवशी दहा मिनिटांनी.

पाचव्या दिवसापासून पाऊल-पाऊल, मग दोन, मग तीन. सातव्या दिवशी तिनं झेप घेणं सोडलं. दहाव्या दिवशी ओरडणं सोडलं. तो आला की ती अंड्यांवरून उठायची, दोन हात बाजूला उभी राहायची आणि लाल डोळ्यानं त्याचं काम न्याहाळायची. त्यानं खडे मांडून हात झटकले की आपली टुणटुण चालत यायची आणि बसायची. पंधराव्या दिवशी तर तो अंडी उचलतो न उचलतो तोच ती भिंतीच्या दिशेनं तीन पावलं पुढं जाऊन थांबली. पुढचं घर कुठं असणार हे तिला कळून चुकलं होतं. हिंमतराव गुडघ्यांवरून तसाच हसला. अठरा वर्षं ज्याला बघून पाखरं आकाशात पळाली, त्याला बघून एक पाखरू थांबलं होतं. त्याला इतका आनंद झाला की टॉवरवाला वॉकीवर दोनदा हाक मारतोय, हे त्याला ऐकूच आलं नाही.

मुक्ताईला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "रानचं पाखरू हाय. एवढं हाताशी लावू नका त्याले."

"मी काहून लावतो? ते आपणच लागलं."

एकोणिसाव्या दिवशी चर ओलांडला. परचुरे सर चराच्या काठावर उभे होते. अंडी नव्या खळग्यात गेली, टिटवी येऊन बसली, तिचा जोडीदार चार हातांवर पहाऱ्याला उभा राहिला. सरांनी दुर्बीण खाली केली आणि म्हणाले, "ठीक आहे." नारायण पेठेतून येणाऱ्या माणसाकडून हे पुष्कळ झालं. पिल्लं सातेक दिवसांत फुटतील, असा त्यांचा अंदाज होता. टिटवीची पिल्लं त्याच दिवशी चालू लागतात. आई त्यांना भिंतीच्या मोरीतून बाहेरच्या पडिकात नेईल, आणि मग दोन्ही बाजू सुटल्या. मॅडमनी नियमाचा मसुदा करायला घेतला. त्या संध्याकाळी हिंमतरावानं स्वतःहून गावाला फोन लावला. "बाबा, टिटवी बसली. चार हायेत. आन् आपल्यासारखी सरकवली मी तिले."

 पलीकडून म्हातारा म्हणाला, "अरे वा, बाप्पा. मले वाटलं हे माह्यासंगंच जाते."

बाविसाव्या दिवशी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, नागपूरला जाणारं विमान धावपट्टीवर सुटलं होतं. हिंमतराव चराच्या अलीकडे जीपमध्ये होता. भिंतीपलीकडच्या ढिगावरून एक घार आतड्याचा तुकडा पायात धरून उठली आणि भिंतीवरून आत आली. अशा घारी रोज येत. खाली उतरायला जागा पाहत, एक घिरटी घालून परत ढिगाकडे जात. ही मात्र चरावर आली आणि टिटवी ओरडली.

पुढचं सगळं चार श्वासांत झालं. दोन्ही टिटव्या उठल्या. एक घारीच्या खालून, एक वरून, तिच्या मानेवर चोच मारत. घारीनं तुकडा टाकला. भिंतीकडची वाट तिला टिटव्यांनी मोकळी ठेवलीच नाही, म्हणून ती उलट्या बाजूला वळली, धावपट्टीकडे, आणि जीव घेऊन वर चढू लागली. हिंमतराव वॉकीत ओरडला, "घार, घार!" विमानाचं नाक तेव्हा उचललं गेलं होतं. धप्प असा आवाज आला, फार मोठा नव्हे, आणि डाव्या इंजिनातून जाळ निघाला.

विमान वर गेलं. वळसा घेऊन चौदा मिनिटांनी ते परत उतरलं. ती चौदा मिनिटं हिंमतराव जीपच्या टपाला दोन्ही हातांनी धरून उभा होता. आत एकशे चौसष्ट माणसं आहेत, हे वॉकीवर ऐकू आलं. त्यातली निम्मी तरी आपल्याकडची असतील, अमरावतीची, अकोल्याची, आपल्यासारखंच बोलणारी, असं त्याला वाटत होतं. विमान थांबलं, शिडी लागली, माणसं एकेक करून उतरली. कुणाला खरचटलंही नव्हतं. एक बाई शेवटच्या पायरीवरून उतरली आणि तिथंच डांबरावर बसली. तिला उठवायला तिघं लागले.

घारीचं जे काही उरलं होतं ते गोळा करून, पिशवीत भरून, तो मॅडमच्या खोलीत गेला. परचुरे सर तिथंच होते. बुधवार त्यांच्या येण्याचा. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, पण हात चालत होता. फॉर्म पुढ्यात होता.

"पक्षी, घार," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. "कारण, भिंतीबाहेरचा कचरा. आता त्रेचाळिसावं पत्र. या वेळी इंजिनाचा फोटो लावते सोबत, बघू वाचतात का."

हिंमतराव दारात उभा होता. काही न बोलता निघून गेला असता तर झालं असतं. घारीचं खापर दर वेळी कचऱ्यावर फुटायचं आणि ते खोटंही नव्हतं. टिटवीचं नाव कुणी घेतलं नव्हतं, घेणारही नव्हतं. चार-पाच दिवस काढायचे होते फक्त. पिल्लं मोरीतून बाहेर गेली असती आणि पुढल्या वर्षीपासून नियम झाला असता. हे सगळं त्याला दारात उभ्या उभ्या कळत होतं. पण अकरा वाजता बंगळूरचं विमान होतं, साडेअकराला दिल्लीचं, आणि घारी भिंतीवरून येतच राहणार होत्या.

"मॅडम," तो म्हणाला, "घार टिटवीनं उडवली."

पेन थांबलं.

"टिटवी तिथं मी नेली. आधी जिथं होती तिथं घार येतच नव्हती. भिंतीजवळ घारीची वाट आहे. अंड्यांवर घार आली की टिटवी तिला सोडत नाही. मी लहानपणापासून बघत आलो. इथं नेताना माझ्या ध्यानात नाही आलं. आमच्या बांधावर वरून विमानं जात नव्हती."

"घार काय, कशानंही उडते," परचुरे सर घाईनं म्हणाले. "पाहिलंत का तुम्ही नक्की? जीपमधून, उन्हात?"

"पाहिलं, सर. तुम्हीच म्हणाले होते, पाहिलं तेच लिहायचं."

  मॅडमनी चेहरा खिडकीकडे वळवला. त्यांचे डोळे भरले होते, आणि आपण पाहिलं हे त्यांना कळू नये म्हणून हिंमतरावानं मान खाली घातली.

"दुसरं काही करता येण्यासारखं असेल तर सांगा मला," त्या म्हणाल्या. "दोघांपैकी कुणीही. मी खरंच विचारतेय."

परत मागं न्यावी तर धावपट्टी. पुढं न्यावी तर भिंत. ढीग हलायचा तर त्रेचाळिसावं पत्र. 

"आज उचला," मॅडम म्हणाल्या. "अकराच्या आधी."

बाहेर परचुरे सर स्कूटरला किल्ली लावून नुसते उभे होते. हिंमतराव जवळ गेला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पस्तीस वर्षं पोरांना सांगत आलो, खरं बोला," ते म्हणाले. "एकानं ऐकलं. तेही नेमकं आज."

हिंमतराव घमेलं घेऊन चर ओलांडून गेला. टिटवी अंड्यांवर होती. तो दहा पावलांवर आला, पाचवर आला, तरी ती ओरडली नाही. तो गुडघ्यांवर बसला तशी ती उठली आणि नेहमीप्रमाणे दोन हात बाजूला उभी राहिली. ती ओरडली असती, टोपीवर झेप घेतली असती, तर बरं झालं असतं. अठरा वर्षं तो त्या ओरडण्याच्या आडच तर हे काम करत आला होता.

त्यानं एकेक अंडं उचललं. तिसरं हातात घेतलं तेव्हा आतून टकटक लागली. पिल्लू कवच फोडायला लागलं होतं. सरांचा अंदाज दोन-तीन दिवसांनी चुकला होता. तो तसाच थांबला, अंडं तळहातावर धरून. वॉकीवर वेळ विचारली गेली. त्यानं ते अंडं घमेल्यात ठेवलं, मग चौथं ठेवलं.

आणि टिटवी चालू लागली. भिंतीच्या दिशेनं मोजून तीन पावलं गेली, वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि तिथल्या उघड्या मातीवर, जिथं खळगा नव्हता, खडे नव्हते, अंडी नव्हती, तिथं अंग फुलवून बसली. तो मांडेल म्हणून.

हिंमतरावाला रडू आलं. आसपास कुणी नव्हतं म्हणून त्यानं ते थांबवलं नाही.

घमेल्यातली अंडी त्यानं भिंतीबाहेरच्या पडिकात नेऊन ठेवली. रिकामं घमेलं घेऊन परत आला तर ती अजून तिथंच. अकराला वीस मिनिटं होती. माणसाला न भिणारं पाखरू धावपट्टीच्या कडेला फार दिवस टिकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. अशी पाखरं पिशवीत भरण्याचं काम त्याचंच होतं. तिची भीती त्यानं मोडली होती, तेव्हा ती त्यालाच परत घालून द्यायला हवी होती. त्यानं जीपमधून बंदूक काढली आणि तिच्या शेजारच्या मातीत बार काढला.

ती दचकली. बसली होती तिथंच बसून राहिली.

त्यानं दुसरा काढला. धूर तिच्या अंगावरून गेला. तिसऱ्याला मात्र ती उठली, बाविसाव्या दिवशी पुन्हा पहिल्या दिवसासारखं ओरडत वर गेली, तिचा जोडीदारही गेला. हिंमतराव म्हणाला, "जा, बाई. भिऊन ऱ्हाय." दोघं चरावरून गोल फिरली, भिंतीपर्यंत गेली, आणि फिरून परत आली. जोडीदार लांबच राहिला. ती मात्र खाली उतरली, त्याच्या जीपच्या सावलीत, त्याच्यापासून दोन हातांवर, आणि रिकाम्या घमेल्याकडे बघत उभी राहिली.

अकराचं विमान वेळेवर गेलं. त्यावेळी तो तिच्यापाशी भोंगा दाबून धरून उभा होता.

मॅडमनी नियमाचा मसुदा फाईलला लावून टाकला. परचुरे सर पुढच्या शनिवारी आले नाहीत आणि त्याच्या पुढच्याही नाही. पत्राची पोच आली. हिंमतराव अजून तिथंच आहे. पहाटे जीप काढतो, पाखरं हाकलतो, अंडी दिसली तर पहिल्याच दिवशी उचलतो, तीनाची चार व्हायच्या आधीच, तिला सवय लागायच्या आत.

त्या बाविसाव्या दिवशी घरी गेल्यावर तो जेवला नाही. मुक्ताईनं ताट झाकून ठेवलं. "काहून जेवून नाही राह्यले?" असं तिनं एकदाच विचारलं. मग फोन वाजला. गावाकडून. पिल्लं निघाली का, हे म्हाताऱ्याला विचारायचं होतं. नजर नसली तरी त्याचा दिवसांचा हिशोब मात्र पक्का असायचा.

"काय रे, निघाले का पिल्लं? का बसूनच हाय अजून?"

हिंमतराव अर्धं खरं बोलायला तोंड उघडून राहिला. मग ते त्याला जमलं नाही.

"बसली होती, बाबा," तो म्हणाला. "म्या उठवली."